डब्याचा कॅमेरा घेऊन करमाळ्याला

दिवाळीच्या अंकाचा शेवटचा फर्मा छपाईला गेला आणि मी संपादकांकडे चार दिवसांची रजा मागितली.

"कशाला?"

"फोटो काढायला."

"कुणाचे?"

"ते तिथं गेल्यावर ठरेल."

बावीस वर्षं वेळेवर मजकूर देणारा माणूस असं काही बोलला की काळजी वाटतेच. रजा लगेच मिळाली.

हा छंद मला नरसय्याने लावला. नरसय्या आमच्या सोलापुरातला विणकर. घरात दोन हातमाग, घरची बोली तेलुगू, आणि मराठी माझ्याहून ठसक्यात. त्याच्या सांगण्यावरून मी जुन्या बाजारातून डब्याचा कॅमेरा घेतला. पुठ्ठ्याचा डबा, वर काळं कातडं, पुढे भिंग. अंतर मोजायची भानगड नाही. ऊन पाठीशी घ्यायचं, डबा पोटाशी धरायचा, वरच्या नखाएवढ्या काचेत वाकून बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलवर आठ चित्रं. धुणं, छापणं घरीच केलं तर स्टुडिओतल्या एका तसबिरीच्या खर्चात अख्खा रोल निघतो.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघे निघालो. तिसऱ्या वर्गात जागा मिळाली, पण डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून तो मांडीवर. समोरच्या फेटेवाल्या बाबांची नजर त्यावरून हटेना.

"डब्यात लाडू हायती व्हय?"

"हायती की," नरसय्या म्हणाला. "आटच हायती. उजेड लागला की नासत्यात."

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. चहा तिथेच घ्यावा, पण जेवण घरचं असावं. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. ही शिदोरी चार दिवस नासत नाही. बाबांनीही अर्धी भाकरी घेतली आणि लाडू मात्र शेवटपर्यंत मागितले नाहीत.

करमाळ्याला जायचं तर कुर्डुवाडीच्या पुढे जेऊरला उतरावं. तिथून टांगा. टांगेवाला माणशी सहा आणे सांगतो, चारात येतो. रस्ता खडीचा, धूळ भरपूर. कॅमेरा उपरण्यात गुंडाळा, आणि भिंगावर धूळ बसलीच तर जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने हलक्या हाताने पुसा.

मुक्काम माझ्या ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे. त्यांना गावात सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून आम्हीही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाभवानीच्या देवळात गेलो. दीपमाळांवर तिरपं ऊन होतं. पहिलं चित्र त्यांचं. मग माणसांकडे वळलो. फुलवाली, पुजारी, बाजाराला निघालेले दोघे शेतकरी. कुणी नाही म्हणत नव्हतं.

देवळाच्या खालच्या माळावर धनगरांचा तळ होता. घोड्यावर बिऱ्हाड चढत होतं. त्यातला धर्मा नावाचा तरुण पाच-सहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन आमच्याकडे आला. बायको मागे उभी होती. ती या खेपेला माहेरीच, इथंच करमाळ्यात राहणार होती.

"सायेब, एक फोटू काडता का? माजा न् हिचा."

"काढू की."

"दुपारी मेंढरं घिऊन निगतोय. माघारी पावसाळ्यालाच. थोरलीच्या येळंला असाच गेलतो. आलो, तर मला बगून ती चुलीमागं दडली. आट दिस जवळ आली न्हाय. म्हून हिला रोज फोटू दावायचा, ह्यो तुजा बा म्हून."

मी त्याला उन्हात उभं केलं, हलू नको म्हणालो, खटका दाबला. रोल संपला.

आता धुणं. त्याला अंधार हवा, आणि तो गुरुजींच्या घरात भर दुपारी मिळाला. धान्य साठवायचं भिंतीतलं बळद रिकामं होतं. आम्ही दोघे आत शिरलो, बळदाच्या तोंडावर घोंगडी लावली, कंदिलाला लाल कापडाचे दोन वेढे दिले. लाल उजेडाने या फिल्मचं काही बिघडत नाही. एका ताटलीत चित्र उमटवणारं औषध, दुसरीत पाणी, तिसरीत ते पक्कं करणारा हायपो. फिल्मची दोन टोकं हातांत धरून ताटलीतून झोका द्यायचा, पाळण्यासारखा. जुन्या ज्वारीची धूळ नाकात जात होती. नरसय्या शिंकला की बाहेरून गुरुजींच्या घरच्या वहिनी विचारायच्या, "झालं का हो बाळंतपण?"

झालं. फिल्म उजेडात आणून बघतो तर दीपमाळा सुरेख. पुढच्या सातही चित्रांत माणसांना तोंडंच नाहीत! नुसते फेटे, पदर, पुजाऱ्याची शेंडी. धर्माचंही मुंडासंच. त्याच्या कडेवरची पोर तेवढी टक लावून भिंगाकडे बघत होती.

"अय्यो अण्णा," नरसय्या म्हणाला, "सगळ्या गावाला एकदमच मान खाली घालायला काय झालं?"

मला हसू येईना. धर्मा एव्हाना वाटेला लागला होता, आणि त्याच्या पोरीला दाखवायला आमच्याकडे एक मुंडासं होतं.

एक कोरा रोल उरला होता. तिसऱ्या दिवशी उजाडताच गुरुजींनी छकडा ठरवून दिला. वाटेत तुरीच्या बांधावर एक बाई भेटल्या.

"मेंढरं गेली का हो इकडून?"

"गेली की! माजी तूर खाऊन गेली. गावली तर माज्या नावानं चार शिव्या द्या."

तीन कोसांवर कळप गाठला. आम्हाला बघताच धर्मा काठी टाकून पळत आला. चेहरा उतरलेला.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे रे. फोटोत ती आहे, तू नाहीस. मान कशाला खाली घातलीस?"

तो गोंधळला. "तुमीच आदी वाकला की सायेब. तुमी वाकून रामराम केल्यावर आमी ताट उबं ऱ्हायचं व्हय?"

नरसय्या मटकन बांधावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. मी काचेत बघायला वाकत होतो, आणि अख्खं करमाळं माझा मान राखत होतं. पोरीला तेवढी अजून रीत कळत नव्हती.

मग कॅमेरा छकड्याच्या दांडीवर ठेवला. आधी नेम धरला, खाली दोन दगड घालून डबा पक्का केला, आणि त्याच्या शेजारी ताठ उभा राहिलो, काचेत न बघता, छाती पुढे काढून. धर्माही तसाच ताठ झाला. मागून त्याचा भाऊ ओरडला, "आरं हास की जरा! फौजदारानं धरल्यावानी उबा ऱ्हायलाय. पोरगी भिऊन मरंल!"

धर्मा हसला. मी खटका दाबला. सावधगिरी म्हणून आणखी तीनदा दाबला. तुरीवाल्या बाईंच्या शिव्याही पोचवल्या.

परतीचा प्रवास तसाच, फक्त भाकरी संपलेली. सोलापुरात रोल धुतला आणि चित्र छापलं. छापायला तर अंधारही लागत नाही. काचेच्या चौकटीत फिल्मखाली कागद घालून वीस मिनिटं उन्हात ठेवायचा, मग हायपोत. धर्माचे पुढचे दोन दात, गालावरचा देवीचा व्रण, सगळं आलं. प्रत गुरुजींकडे टपालाने पाठवली.

तुम्ही गेलात तर एवढंच लक्षात ठेवा: आधी नेम धरा, मग ताठ उभे राहा. बाकी चुका रोलागणिक कमी होतात. लिहिताना मी माणसांकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं, हे मला या सहलीत कळलं, आणि तेही सात चेहरे हुकल्यावर.

पंधरवड्याने गुरुजींचं कार्ड आलं. 'पोर रोज फोटो मागते. हातात दिला की चाटते. बापाचं नाक गेलं आहे. दुसरी प्रत पाठवावी.' दुसरी पाठवली. काल पुन्हा कार्ड: 'डोळेही गेले.'

नरसय्या म्हणतो, आता काचेत बसवून पाठवा. मी नको म्हटलं. काच तिला गार लागेल. तिसरी प्रत आत्ताच माळवदावर ठेवून आलो आहे. कागद आहे, आणि सोलापुरात उन्हाला तोटा नाही.