सासऱ्यांच्या भांगेची बरणी

इब्रामपूरच्या आमच्या घरी गोठ्यामागे भांगेची दोन झाडं असत. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगते, घरात ती कोणी ओढत नव्हतं की पीत नव्हतं. ती गुरांसाठी. गाईला ढाळ लागले की गुळात कालवलेली चिमूटभर भांग द्यायची, अशी आमच्याकडची जुनी रीत. गोवा मुक्त झाल्यानंतरची ती वर्षं. गुरांचा डॉक्टर लांब, आणि आजारी गाय तिथवर चालवत नेणार कोण? पुढे कायदा आला तेव्हा सासऱ्यांनीच ती झाडं उपटून टाकली.

भांग सुकवणं हे सासऱ्यांचं खातं. बाकी मिरच्या, आमसुलं, सुंगटं म्हणजे कोळंबी, सगळं अंगणात उन्हात पडायचं. भांग मात्र मागच्या पडवीत, सावलीत उलटी टांगलेली. "उन्हान तिचो जीव जाता," असं ते म्हणायचे. काडी वाकायची थांबून मोडायला लागली की पाला बरणीत भरायचा आणि रोज सकाळी झाकण काढून तिला वारा दाखवायचा. मग बरणीत नाक खुपसून हुंगायचे आणि समाधानाने मान डोलवायचे. त्या नाकात दिवसभर तपकीर कोंबलेली असे. त्यांना नेमका कसला वास येतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी तर सून. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत.

त्या साली माझी मुलगी तान्ही होती. मला दूध पुरत नव्हतं आणि डब्यातली पावडर तिच्या पोटात ठरत नव्हती. आमच्या तांबड्या गाईच्या दुधावर पोर तगली होती. दिवाळी झाली आणि नेमके त्याच गाईला ढाळ लागले. दोन दिवसांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध तांब्याच्या बुडाशी आलं.

सासऱ्यांनी बरणीतली भांग काढली, गुळात गोळा केला आणि तिच्या तोंडापाशी नेला. तिने तोंड फिरवलं. पुन्हा नेला, पुन्हा फिरवलं. 

"गुळाकय तोंड फिरवल्यान," ते सासूबाईंना म्हणाले. "आता काय ती रवत नाय."

गाय राहत नाही हे ऐकून सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी दाराआड उभी होते आणि काखेतली पोर भुकेने रडत होती. तेवढ्यात गोळा टाकून द्यायला सासरे माझ्यासमोरून गेले आणि सुक्या सुंगटांचा भपकारा आला.

तेव्हा उलगडा झाला. नेहमीची बरणी फुटली म्हणून सासूबाईंनी त्यांना सुंगटांची बरणी दिली होती. चिंचेने घासून, उन्हात वाळवून दिली होती, त्यांचाही दोष नाही. मासळीच्या घरात तो वास कोणाला वेगळा जाणवणार? पण मासे आम्ही खाणारे, गाय नव्हे.

निरोप पोचवायला वेळ नव्हता. मी बोलले.

"मामानू, बरणीक सुंगटांचो वास मारता. गाय म्हणान खाईना."

माझा आवाज ऐकून घरातली सगळी दाराशी आली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता माहेरची वाट धरावी लागणार. सासऱ्यांनी तळहात हुंगला. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग त्यांनी तो सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी हुंगलं आणि मान खाली घातली.

ते कोणावर ओरडले नाहीत. नंतर कापलेली भांगेची एक जुडी अजून पडवीत लटकत होती. हात राखेने घासून त्यांनी तिचा पाला चुरला, ताज्या गुळात कालवला आणि गाईपुढे धरला. तिने आधी हुंगला, मग चाटला, मग सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ढाळ थांबले.

त्या गाईचे उपकार मी विसरणार नाही आणि त्या माणसाचे तर नाहीच. घरभर माणसांदेखत सुनेचं ऐकून आपलं चुकलं हे मानणारे पुरुष मी पुढेही फार पाहिले नाहीत.

दूध परत वाढलं तेव्हा सासरे तांब्या घेऊन स्वतः माझ्या खोलीच्या दाराशी आले. मी घाईने पदर सावरला.

"चेडवाक पाज," ते म्हणाले. तांब्या उंबऱ्यावर ठेवला, वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, "आणि बोलत रव."