दुसरं टोक धरायला म्हैसूरला

१८ जानेवारी, रविवार. इतके महिने इथं एक ओळही लिहिली नाही, माफ करा. प्रवास झाले, पण नुसत्या पाहून आलेल्या जागांबद्दल लिहावंसं वाटेना.

मग सुमनआत्याचा फोन आला. "येतेस का? कागद चिकटवायचाय. दुसरं टोक धरायला कोणी नाही." लग्नानंतर ती म्हैसूरचीच झाली. तिथल्या जुन्या पद्धतीची, सोन्याच्या वर्खाची चित्रं काढते. आधी फळीवर कागद चिकटवायचा, मग त्यावर चित्र. दुसरं टोक नेहमी आतोबा धरायचे. ते गेल्यापासून तिनं एकही चित्र सुरू केलं नव्हतं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू, तिथून रेल्वेनं म्हैसूर. स्टेशनवरून कुवेंपुनगरला सिटी बस स्वस्त पडते, फक्त वाट पाहायची तयारी हवी. पोचल्यावर आत्याच्या हातची इडली आणि कॉफी. दुसऱ्या दिवशी देवराज मोहल्ल्यात मऊ मलमल घेतली. राजवाडा बसमधूनच पाहिला.

मैद्याची खळ आत्यानं आदल्या संध्याकाळीच शिजवून, गाळून ठेवली होती. "ढवळल्या ढवळल्या लावली की फेस कागदाखाली जातो. निवू दे, निधान," म्हणजे कानडीत सावकाश. कागद एकच उरला होता, आतोबांनी आणलेल्यातला शेवटचा. खाली हवा राहिली तर वरचं उठावाचं सोनेरी काम पुढे तडकतं.

कागद मागून ओला केला, फळीला खळ लावली. आत्यानं तिची कड टेकवली. मी टोक उचलून धरायचं होतं, एवढंच. पण नुसतं धरून काय उभं राहायचं? मी माझीही कड टेकवली आणि मलमलीनं दाबत तिच्या दिशेनं सरकले. मधोमध पुरीसारखा फुगा!

"तडी, तडी! थांब! अगं, दोघींनी एकमेकींकडे ढकललं तर वारा जायचा कुठं?"

"सुईनं टोचू?"

"सुई कशाला? उचल तुझं टोक. त्याला वाट दे."

"फाटला तर?"

"तर वर जाऊन आतोबांना तूच सांग," म्हणत ती चक्क हसली.

ओला कागद मी बोट-बोटभर सोलत उचलला. फाटला नाही. मग ती मधून दोन्ही बाजूंना हात फिरवत माझ्याकडे येत गेली, आणि ती येईल तसतसं मी टोक खाली सोडत गेले. तिचा हात कुठंही अडखळला नाही. मी पाहतच राहिले. माझ्या बोटांपाशी पोचल्यावर म्हणाली, "साकु. पुरे."

सकाळी वाळलेल्या कागदावर तिनं नखानं टकटक केलं. सगळीकडे भरीव आवाज. माझ्या कोपऱ्यात मात्र एक पोकळ. माझा चेहरा उतरला.

"राहू दे गं. तिथं फ्रेम येते." ती पुन्हा तिथंच टकटक करत राहिली. "त्यांच्याही कोपऱ्यात एक फुगा राहायचाच, अल्वा? हो ना?"

म्हैसूरला जाऊन राजवाडा आतून न पाहणारीनं प्रवासवर्णन लिहावं का, हा प्रश्न आहेच. तुम्ही जाल तेव्हा जरूर पाहा. मी परत जाईन तेव्हा पाहीनच असं नाही. आज आत्यानं फोटो पाठवला: फळीवर पेन्सिलीच्या पहिल्या रेषा. खाली लिहिलंय, "पुढच्या वेळी दाबायचं नाही."

पुढच्या वेळी! पण कागद तर संपला.

उद्या: आत्यासाठी तसाच जाड हातकागद शोधणे.