अंदाजापेक्षा जास्त गहू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर दुसऱ्या माणसाविषयी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण माझ्या थोरल्या ताईच्या धाकट्या दिरांइतका सगळ्या गोष्टी वरून पाहणारा माणूस जुन्नर-आंबेगावात, आणि बहुधा पुण्यातही, दुसरा झाला नसेल. पुण्याच्या एका संस्थेत ते उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून गव्हाचा उतारा काढणीआधीच सांगायचं काम करत. कुठलीही गोष्ट वरून पाहिली की कळते, ही त्यांची श्रद्धा. लग्नातसुद्धा पंगतीला बसण्याआधी ते गच्चीवर जात आणि भात पुरेल की नाही ते सांगत. एकदा आचाऱ्याने त्यांचं ऐकून भात वाढवला. तो आमच्या म्हशींनाही संपला नाही.

एका हिवाळ्यात ते आमच्या गावी, आकाश न्याहाळणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या असलेल्या खोडदला आले. चित्रावरून काढलेला अंदाज रानात खरा ठरतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही वावरं निवडली. पारावर त्यांनी चित्र पसरलं, तर सगळी पिकं लालभडक. माझे चुलते धास्तावले.

"पावणं, गव्हावर तांबेरा पडला का काय?"

"नाही हो काका. यात जितकं लाल, तितकं रान हिरवं."

"मंग हिरवंच दाखवायचं की राव. त्या तबकड्यावालं खालनं वर बघत्यात, तुमी वरनं खाली. समोर बघणारं आमीच उरलो."

जेवताना पाहुणे सहज बोलून गेले, अंदाज जुळला तर नोकरी कायम, नाही तर घरी. झालं. लेकीच्या सासरचा माणूस आपल्या शिवारातून मान खाली घालून जाणार, हे गावाला सोसणारं नव्हतं. कालव्याला पाणी सुटलं की निवडलेली वावरं आधी भिजू लागली. युरिया सढळ पडला. बांधावरून बोलणं बंद असलेल्या भावकीनेही, न बोलताच, आपली पाण्याची पाळी देऊन टाकली. पाहुण्यांना मात्र कुणी काही सांगितलं नाही.

काढणी झाली. पोती मोजून चुलते छाती काढून म्हणाले, "तुमच्या अंदाजापरीस लई जास्त उतरलं बगा."

अंदाज कमी पडला काय नि जास्त पडला काय, चुकला तो चुकलाच, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शेतात जास्त येणं ही चूक कशी असेल? पाहुण्यांनी पोत्यांचा आकडा वहीत उतरवला. मग म्हणाले, "छान झालं, काका," आणि त्यांनी चहा मागितला.

पुढे कितीतरी महिने चुलते विचारत राहिले, "पावण्याचं पक्कं झालं असंल न्हाई?" दिवाळीला ताई माहेरी आली तेव्हा कळलं, पाहुण्यांना कायम केलं नाही. त्यांना नंतरच्या चित्रातच दिसलं होतं, निवडलेली तेवढीच वावरं शेजारच्यांपेक्षा जास्त भिजलेली. संस्थेतल्या साहेबांनाही दिसलं होतं. ते म्हणाले होते, लोकांनी मुद्दाम पाणी दिलंय असं लिहून द्या, ही वावरं वगळू.

पाहुणे म्हणाले, "नको साहेब. गहू खरा आहे. माझाच अंदाज कमी पडला."