वासाचे दोन रुपये

शेटाने माझी नोट चिमट्याने उचलली. हाताने नाही, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने. दुकानाच्या खिडकीच्या आत त्याने दोरी बांधलेली होती. त्या दोरीला तो आमच्या नोटा लटकवायचा.

"नोट ओली आसा. दोन रुपये जास्ती."

पुढच्या दारात किल्ला बघायला आलेलं एक कुटुंब थंड पीत उभं होतं. त्यातल्या बाईंनी दोरीकडे बोट दाखवून विचारलं, "अहो, हे पैसे असे का टांगलेत?"

शेट लगेच शुद्ध मराठीत गेला. "मासळीवाले आहेत. नोटांना वास येतो. तुमच्या हाताला लागायला नको म्हणून वेगळ्या ठेवतो."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. आणि मी काय केलं? मी हसलो. मान डोलावून, दात काढून हसलो. जणू शेटाने माझी तारीफ केली होती.

विकत काय घेत होतो, तर साबण. अंगाचा वास घालवायचा साबण. त्याच्यावर वासाचे दोन रुपये.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. जेटीजवळ ते एकच दुकान. दुसरं गाठायचं तर भर उन्हात अर्ध्या तासाची वाट. दुकानाला दोन तोंडं होती. पुढची पायरी गावाला आणि पाहुण्यांना, बाजूची खिडकी आमच्या मासेमारांच्या वाड्याला. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. माझा बाप खिडकीत उभा राहिला, म्हणून मीही राहिलो. होडीवरून उतरलेला माणूस ओला असतो, बाजारातून आलेल्या बाईच्या कमरेची नोट ओली असते. ओल्या नोटेवर दोन रुपये. आम्हाला ते भरती-ओहोटीसारखं वाटायचं. त्याला कोण विचारणार?

मला वाटलं, चूक नोटेची आहे. माझं डोकं हे असं चालतं.

म्हणून एक दिवस मी नोट तव्यावर टाकली. घावण्यासारखी उलथली. कोपरा करपला. मग बायकोच्या डब्यातली गुलाबी पावडर तिच्यावर थापली आणि छाती काढून खिडकीत गेलो. शेटाने नोट नाकाजवळ नेली.

"ह्यां काय रे? नोटेचा लगीन ठरला काय?"

खिडकीतल्या बायका खो खो हसल्या. दोन रुपये गेलेच. घरी पावडर का संपली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

मग मुंबईचा भाऊ आला. त्याने मला एक कोरी नोट दिली. करकरीत, पाणी न बघितलेली. ती घेऊन गेलो. शेटाने तीही चिमट्यानेच उचलली.

"शेटानू, आज नोट सुकी आसा."

"नोट सुकी आसा रे. पण तू ओलो आसस मां?"

त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मला संशय आला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि एकदा आला तो गेलाच नाही. वास नोटेला नव्हताच तर. मग आजवर आम्ही सुकवत काय होतो?

पुढच्याच आठवड्यात कुडाळच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. गाडी उशिरा, म्हणून समोरची पाटी तीनदा वाचली. छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका. पावती मागा. तक्रार वजनमापं खात्याकडे करा. घरी येऊन साबणाचा कागद उलटापालटा केला. दहा रुपये. सर्व करांसह. ओल्या माणसाला बारा, असं कुठेही छापलेलं नव्हतं. मी दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी सोडली आणि पुढच्या पायरीवर चढलो. वादळात होडी आणलेला माणूस मी, दोन पायऱ्या चढताना दाराची चौकट धरली.

"छापील किंमत धा आसा. धाच देतलंय. आणि पावती व्हयी."

शेटाने इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. उघडा हात, चिमट्याशिवाय.

"अरे, तू घरचो माणूस. तुका छापील किमतीत. ये पुढल्या दारान. पावतीचा काय, विश्वास आसा मां? फक्त खिडकीत बोला नको."

इथे मी त्याचा हात झटकला, असं लिहिता आलं असतं. पण मी झटकला नाही. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. एवढा संशयी झालेला मी, गोड बोलण्याला मात्र ताबडतोब फसलो. पुढचा महिनाभर मी पुढच्या दाराने गेलो. केसाला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीतल्या बायका बघायच्या आणि मी त्यांना बघून न बघितल्यासारखं करायचो. वाड्यात मी एकटा दहा रुपयांचा माणूस झालो होतो.

पकडलं बायकोने. एका दुपारी बाजार आटपून येताना तिने साबण आणला आणि त्याच दुपारी मीही आणला. दोन वड्या चुलीच्या कट्ट्यावर शेजारी पडल्या.

"तुमचो कितीक?"

"धा रुपयांक."

"माझो बाराक. दुकान एकच मां?"

मी माझी वडी उचलून फळीवर ठेवायला गेलो.

"तुमी खंयच्या दारात उभे रवलास?"

मी सांगितलं. सगळंच. शेटाचा खांद्यावरचा हात, घरचा माणूस, बोलू नको. ती ऐकत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसते आपले हात तिने नाकाजवळ नेले, वास घेतला आणि म्हणाली,

"म्हणजे वास माकाच येता."

शेट मला वर्षानुवर्षं म्हणत आला तेच हे. पण तो म्हणाला तेव्हा अपमान त्याने केला होता. हा मी केला होता. महिनाभर दोन रुपये वाचवले, ते बायकोला खिडकीत उभी ठेवून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुढच्या पायरीवर गेलो. तिच्या हातात टोपली, ओली, मासळीची.

"साबण व्हयो. छापील किमतीत. आणि पावती."

"एका साबणाक पावती?" शेट हसला.

"एका साबणामागे दोन रुपये घेताना हसलास नाय."

त्याचं हसू गेलं. खिडकीकडे बघून तो मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "असा करशात तर तुमच्या वाड्याकच माल देवचंय नाय!"

खिडकीतल्या बायका आमच्याकडे बघू लागल्या, शेटाकडे नाही. "कशाक भांडतास गो?" एक म्हणाली. "दोन रुपयांसाठी आमका उन्हातसून पाठवतल्यात?" तिच्या कडेवर पोर होतं. तिचंही चुकलं नव्हतं. शेटाला नेमकं हेच हवं होतं.

बायकोने साबण परत फळीवर ठेवला आणि उतरली.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरसला, वजनमापं खात्यात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "पावती आहे?"

"पावती देत नाही, हीच तक्रार आहे."

"मग लेखी द्या. बघू."

बघू. हा शब्द मी ओळखतो. अर्ज लिहिला. साहेबांनी तो खणात ठेवायला घेतला तेव्हा म्हटलं, "पोच द्या. शिक्का मारून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. शिक्का मारला.

संध्याकाळी दुकानावरून येत होतो. शेटाला बातमी आधीच पोचलेली. कशी, ते विचारू नका, मला सगळ्यांचाच संशय आहे.

"काय रे, काय म्हणाले ओरसाक? दोन रुपयांसाठी एसटीक किती घातलस?"

"जास्तीच घातलंय."

"मगे? मी सांगललंय तुका. तू ये गपचूप पुढल्या दारान. धा रुपयांक देतंय."

"माका एकट्याक नको. खिडकीतल्या सगळ्यांका धा रुपयांक दी. लिहून दी."

"आणि नाय दिलंय तर?"

साहेब येतील यावर माझा भरवसा नव्हता. वाड्यावरही नव्हता. आणि महिनाभर इस्त्रीचा शर्ट घालून हिंडलेल्या माणसावर तर अजिबात नव्हता. म्हणून मोठ्याने बोललो, खिडकीत ऐकू जाईल असं. उद्या माझीच जीभ गोड झाली तर साक्षीदार असावेत.

"तर उद्या येतलंय. बायल पुढे, मी मागे. धा रुपये ठेवतलंव, पावती मागतलंव. दिलस नाय तर साबण ठेवन जातलंव. परवा परत येतलंव. माल बंद कर. आमी येवचे बंद होवचे नाय."