पुदिन्याचं वळण

गॅलरीतल्या डब्यात लावलेल्या पुदिन्याच्या काड्या खाली वीतभर अगदी सरळ आहेत. तिथून पुढे मात्र सगळ्याच्या सगळ्या उजेडाकडे वाकल्या आहेत.

समोर इमारत झाल्यापासून आमच्याकडे ऊन येतं ते सकाळी तासभर, तेही तिरकं. माझी बायको सुधा जुडीतली पानं खुडून झाली की उरलेल्या काड्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खोचायची. रोज सकाळी चहाला आधण ठेवलं की डबा थोडा फिरवायची. "सगळ्या बाजूंनी मिळू दे की ऊन," म्हणायची.

दिवाळीनंतर ती गेली. मी पाणी घालत राहिलो. डबा फिरवायचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही.

परवा शेजारच्या वहिनी चटणीसाठी पुदिना मागायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, डबा फिरवा जरा, आणि शेंडे खुडा. सरळ फुटेल."

मी हो म्हणालो. खुडायला गेलो आणि हात त्या वळणापाशी थांबला. तिथपर्यंत ती होती. शेवटी खाली जाऊन वहिनींना भाजीवाल्याकडची जुडी आणून दिली.

थंडीत पुदिना फारसा वाढत नाही, म्हणून ते वळण अजून दिसतं. ऊन तापलं की तो भराभर फुटेल आणि वळण पानांत झाकून जाईल.

सुधाला थंडी सोसायची नाही. थंडी कधी संपतेय याची आम्ही दोघं वाट बघायचो. यंदा रोज सकाळी गॅलरीच्या फरशीवर अनवाणी उभा राहून बघतो. अजून गार लागते, बरं वाटतं.