कालवणातलं मीठ

बाबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ती फुटायच्या आत तेवढा भाग कापून तिथे नळी बसवायची होती. नव्वदच्या दशकात आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात असलं ऑपरेशन कुणी ऐकलंही नव्हतं, त्यामुळे आई ते गल्लीभर जरा वाढवूनच सांगायची.

आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता का?"

"सणासुदीला," बाबा म्हणाले आणि आईने गंभीरपणे मान डोलावली. आमच्याकडे रोज संध्याकाळी कुठला ना कुठला सण असतो, हे मीच सांगून टाकलं. डोंबिवलीला सासरी गेल्यापासून ही फार शहाणी झाली, असं आई बाहेर येऊन म्हणाली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. वय झालेलं, ऐकू कमी येतं, त्यात रोजची दारू, म्हणजे एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर थोडे दिवस भ्रम होण्याचा धोका जास्त, असं ते म्हणाले. तो उतरतो, पण तेवढ्यात यांनी नळ्या उपटल्या तर जिवावर बेतेल.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी वॉर्डाची होडी केली. स्वतः तांडेल झाले, वॉर्डबॉयला नांगर टाकायला सांगितला आणि शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त हेडमास्तरांना पाणी उपसायला लावलं. मास्तरही गुंगीत "हो, हो" म्हणत होते. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते, तोवर बाबांची बोटं नळ्यांकडे गेली. त्यांच्या लेखी ती गुंतलेली दोरी होती आणि गुंता दिसला की सोडवायचा, ही त्यांची जन्माची सवय. सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. मग त्यांचे हात खाटेला बांधले. बाबा लहान मुलासारखे रडले आणि मला माझ्या हसण्याचा राग आला.

सकाळी आई पिशवीतून फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि जाळं विणायची बांबूची सुई घेऊन आली. डॉक्टर बघतच राहिले.

"त्यांना गुंता पायजे," आई म्हणाली. "जालं द्या, नल्या सोडतील. मी हितनं हलनार नाय."

डॉक्टरांनी सुईचं टोक बोटावर दाबून बघितलं, ते बोथट होतं. त्यांनी हात सोडायला सांगितले. बाबांनी जाळं चाचपलं, फाटकी जागा शोधली आणि विणायला लागले. नळ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी आईकडे पाहिलं. "बाय, तू नर्स काय?"

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. "हो," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "घरी कोन हाय तुमच्या?"

"बायको हाय. चांगली हाय. पन कालवनात मीठ लय घालते. लगीन जाल्यापासना खाताव."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मंग सांगितला नाय तिला?"

"नाय गो," बाबा टाका घट्ट करत म्हणाले. "दिवसभर मासली इकून येते, टोपली उतरवते नि तशीच चुलीकडं जाते. तिला काय सांगू?"

नर्सबाईंनी पदराने नाक पुसलं आणि जाळ्याचं दुसरं टोक धरून बसल्या.

हळूहळू भ्रम उतरला. बाबा घरी आले. आईने बोंबलाचं कालवण वाढलं. पहिल्याच घासाला ते थांबले.

"मीठ इसरलीस काय गो?"

"तुमच्या नर्सनं सांगितलाय," आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि मुकाट्याने सगळं जेवले. हात धुताना म्हणाले, "ती नर्स चांगली होती. पन तिला सांग, इतका पन कमी नको."