मानसिंगनं उघडलेली खिडकी

“हितं बसून तिथलं दिसलं पायजे,” असं मानसिंग सारखा म्हणायचा, आणि स्वतः मात्र घटकाभर एका जागी बसायचा नाही. फौजेत वायरलेसवर उमेदीची वर्षं घालवून तो शिराळ्याला परतला, पण गावात त्याचं मन रमेना. काही दिवस पाटण, मग सातारा, असं हिंडत हिंडत अठ्ठ्याण्णव साली तो सांगलीच्या मार्केट यार्डात, चिंतामणशेटच्या हळदीच्या अडतीवर येऊन टेकला.

शेटचे गुडघे गेले होते. ते वरच्या मजल्यावर राहत, सौदा खाली चाले. पण माल द्यायचा की नाही हा शब्द शेटचाच. पद्धत वाडवडिलांची. हातावर रुमाल टाकायचा, खरेदीदारानं त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, आणि एकाचा भाव दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. शेटचा मुलगा धवल बोटं धरी, मग हिशेब लिहिणाऱ्या चारुशीलाच्या कानाशी आकडा सांगे, ती तो खालच्या कॉम्प्युटरवर चढवी.

शेटना वर बसून भाव दिसावेत म्हणून मानसिंगनं शब्द दिला, भाव चढवायचा प्रोग्रॅम खालच्याच मोठ्या मशीनवर चालेल, पण त्याची खिडकी, म्हणजे पडद्यावरची आकड्यांची चौकट, उघडेल वर, शेटच्या दमलेल्या जुन्या मशीनवर. जमलं तर नोकरी कायम, असं शेट बोलून गेले. कायम म्हणजे सांगलीत खोली आणि बायकोपोरं एका छपराखाली. तिकडं शिराळ्यात त्याच्या बायकोनं, संयोगितानं, भांडी बांधायलाही घेतली होती.

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यानं मशीनवर लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली, जिन्याच्या कडेनं केबल ओढली. पण वरची मशीन खालच्या मशीनला दारातच अडवी. परक्या मशीनची खिडकी आपल्या पडद्यावर घ्यायची तर आधी तशी परवानगी द्यावी लागते. मानसिंग जिना चढे, उतरे, पुन्हा चढे. शेवटी वैतागून त्यानं सरसकट हुकूम दिला, कुणीही या. त्याच्या गावात दिवसा दाराला कडी लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खाली जिन्यासमोरच्या खोलीत लालासाहेब नावाचे खरेदीदार भाड्यानं बसत. छपाईसाठी त्यांची मशीनही त्याच केबलवर घेतलेली. तिथंही त्यानं दार असंच सताड ठेवलं.

सौद्याच्या सकाळी, कुठल्या मशीनवर खिडकी उघडायची तो क्रमांक टाकताना त्याचं बोट घसरलं. शेटच्या मशीनऐवजी लालासाहेबांचा क्रमांक गेला. अडवणारं कुणीच नव्हतं.

वरचा पडदा कोराच राहिला. मानसिंग केबल चाचपत वर खाली धावत होता, आणि खाली बोली सुरू झाली होती. एरवी सगळ्यांच्या आधी हात पुढं करणारे लालासाहेब त्या दिवशी खोलीतून बाहेर येईनात. सगळ्यात शेवटी आले, आणि सर्वांत चढ्या भावाच्या जेमतेम वर बोटं दाबून मोकळे झाले. जिना उतरताना मानसिंगची नजर त्यांच्या उघड्या दारातून आत गेली. त्यानंच बांधलेली खिडकी तिथं लखलखत होती, एकेक आकडा स्वच्छ.

तो तसाच वर गेला.

“माज्याकडनं चुकलं, शेट. सगळ्यांचं भाव लालासाहेबांच्या पडद्यावर गेलं.”

“त्यांनी सांगितलं नाही?”

“कोण कशाला सांगंल?”

शेटनी सौदा मोडला. मग विचारलं, ही दारं लावता येतात का. मानसिंगनं लावली; वरच्या मशीननं फक्त खालच्या मशीनला आत घ्यायचं, बाकी कुणाला नाही. खिडकी वर उघडली. शेटनी तिच्यातला एकेक आकडा वाचून पाहिला.

“काम चोख आहे, मानसिंगराव,” ते म्हणाले. “पण शेतकरी माझ्या रुमालावर माल टाकून निर्धास्त घरी जातो. उद्या यार्डात बोभाटा होईल. तुम्हाला ठेवलं तर त्याला मी काय सांगू?”

“काय बी सांगू नका. मी निगतो.”

खाली चारुशीलानं त्याला चहा पिऊन मग जा म्हटलं. त्यानं पायात वहाणा सरकवल्या.

“आज शिराळ्याच्या गाडीत बसवत न्हाई बघा, ताई. भांडी बांधून बसलीया ती.”

एवढं बोलून तो निघाला, आणि स्टँडकडं न वळता उलट्या दिशेला, मिरजेच्या रस्त्याला लागला. चालणं झपाझप, जणू कुणी हाक मारलीय. वाटेत एका दुकानाच्या काचेपाशी थांबला, आत कॉम्प्युटर मांडलेले होते. वाकून बघितलं, आणि पुन्हा चालू लागला. उंबऱ्यात उभी चारुशीला बघत राहिली, हळदीच्या पोत्यांचा एक ट्रक मधे येईपर्यंत.